काखेतली चिल्लर

मी एक जुनी चामडी पिशवी आहे, बसच्या कंडक्टरच्या खांद्यावरची. जुनी म्हटले म्हणून मला लेचीपेची समजू नका. मित्रांनो, माझी शिवण दुहेरी आहे. ज्या कारागिराने मला शिवले, त्याने दोऱ्याला मेण लावून एकेक टाका असा ओढला होता, की अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्यातला एकही उसवला नाही.

माझ्या मालकांना सगळे मास्तर म्हणत. माझे तीन कप्पे, एक नोटांचा, एक तिकिटांचा आणि एक सुट्ट्यांचा. सुट्ट्यांच्या कप्प्याचा कायदा कडक होता. सकाळी डेपोतून मोजून सुटे पैसे मिळत आणि संध्याकाळी तेवढेच परत करावे लागत. त्यामुळे त्या कप्प्यात हात घालायचा तो दुसऱ्याला द्यायला, स्वतःसाठी नाही. स्वतःच्या चहाचे पैसे मास्तर शर्टाच्या खिशातून देत. तपासनीस एकदा म्हणाले होते, की या पिशवीचा हिशेब डोळे मिटून घ्यावा. ते ऐकून मी फुगले होते, हे कबूल करते.

मग तिकिटांची यंत्रे आली आणि मास्तर निवृत्त झाले. मी दारामागच्या खिळ्यावर गेले. माझ्या पोटात विजेची बिले, खिळे, मोडका चष्मा असे काय काय कोंबले गेले. कोणी तेलाचे बोटही लावले नाही. फार वाईट वाटायचे.

पण माझे दिवस पालटले. मास्तरांची मुलगी नर्स आहे. तिने साठवलेल्या पैशांतून आईवडिलांची परदेशातल्या एका शहराची सहल ठरवली, शुक्रवार ते रविवार. विमान, खोली, विमानतळाची बस, सगळे तिने आधीच भरले. वरखर्च तेवढा तुमचा तुम्ही बघा, म्हणाली.

मास्तरीणबाईंना त्या शहरात एकच गोष्ट हवी होती. तिथल्या नदीत काचेच्या छताची बोट फिरते आणि एकामागून एक सात पुलांखालून जाते. मुलीच्या फोनवर तो फोटो त्यांनी इतक्यांदा पाहिला, की शेवटी मुलीने तो छापूनच आणला.

मास्तरांनी मला खिळ्यावरून काढले, पुसले, तेल चोळले. बाईंनी नोटांच्या कप्प्यात कापडाचे दोन पडदे शिवले. तिकडचे एकूण दोनशे, सगळे नोटांत, आणले होते. शुक्रवारचे तीस, शनिवारचे ऐंशी, रविवारचे साठ. बोटीचे तीस वेगळे काढून तिकिटांच्या कप्प्यात ठेवले. एका दिवसाचे पैसे दुसऱ्या दिवसात मिसळायचे नाहीत, फेरी संपली की हिशेब बंद, असा नियम ठरला. मला तर पुन्हा ड्युटीवर चढल्यासारखे वाटले.

शुक्रवार चोख पार पडला. शनिवारी दगडी रस्त्यांवर चालून चालून बाईंच्या चपलेचा तळवाच निघाला. स्वस्तातली स्वस्त चप्पल तीसला मिळाली. शनिवारचे पैसे जेवणात संपत आले होते आणि रविवारच्या पैशांना हात लावायचा नव्हता. बाईंनीच तिकिटांच्या कप्प्यातून नोटा काढल्या. बोट काय, काठावरूनही दिसते, असे म्हणून त्या हसल्या. मास्तर हसले नाहीत.

रविवारी दुपारी नोटांचा कप्पाही रिकामा झाला. दोघे नदीकाठच्या बाकावर बसले. समोर बोटीची खिडकी होती, रांग होती आणि बाई तिकडे बघायचे टाळत होत्या. मास्तरांचा चेहरा इतका पडला, की मला बघवेना. कारण खरे काय ते मला ठाऊक होते. तीन दिवस मास्तर प्रत्येक ठिकाणी नोट देत होते आणि परत आलेली नाणी सवयीने सुट्ट्यांच्या कप्प्यात टाकत होते. ते पैसे आपले, हे त्यांच्या हाताला माहीतच नव्हते. काखेत कळसा नि गावाला वळसा! मी जड जड होत होते, पण पिशवीला तोंड असले तरी बोलता कुठे येते?

मास्तरांचा खांदा दुखतो म्हणून बाईंनी मला उचलले, आणि त्या थांबल्या.

"अहो, ही रिकामी ना? मग एवढी जड कशी?"

"सुटे आहेत त्यात. ते नाही धरायचे."

"का नाही धरायचे? इथे कुठला डेपो आलाय परत घ्यायला?"

 मास्तरांनी मला मांडीवर घेतले आणि नाणी बाकावर मांडली. आपल्याकडे चिल्लरीला कोणी विचारत नाही, पण तिथली नाणी एकेकची आणि दोनदोनची होती. एकतीस भरले. मास्तरांनी पुन्हा मोजले. एकतीसच.

खिडकीतली मुलगी सुट्ट्यांसाठी हैराण झाली होती. मास्तरांनी सवयीच्या हाताने नाण्यांच्या चळती लावून तीस पुढे सरकवले, तशी तिने चक्क हात जोडले. मास्तरांनी दोन तिकिटे घेतली आणि एक बाईंच्या हातात दिले.

"आयुष्यभर तुला नोकरीच्या फुकट पासावर फिरवलं," ते म्हणाले. "आज तिकीट काढलंय."

बाईंनी ते तिकीट साती पुलांखाली मुठीत घट्ट धरून ठेवले होते. मी त्यांच्या मांडीवर होते, म्हणून सांगते.

मित्रांनो, पैशांचे कप्पे जरूर करा, एकाचे दुसऱ्यात मिसळू नका. पण जो कप्पा आपला नाही असे धरून बसलात, त्यातही एकदा हात घालून बघा. आणि घरात दारामागे माझी कोणी बहीण लटकत असेल, तर तिला तेलाचे बोट लावा. मी पुन्हा खिळ्यावर आहे, पण आता माझ्या पोटात बिले नाहीत. उरलेले एक नाणे आहे, ते इकडे कोणी बदलून देत नाही. आणि तिकिटांच्या कप्प्यात, घडी न घातलेले, बाईंचे तिकीट आहे.