कुठल्या ताटातली राख

टाळेबंदीत दूध आणायला निघालेल्याच्या पाठीवर काठी पडायची, पण पालेगावच्या देवळासमोर त्या दुपारी तीनशे माणसं खेटून उभी होती. परवानगी नगरसेवक हिंदुरावांची, चमत्कार गुरुदत्त महाराजांचा. महाराज प्रत्येकाच्या कपाळाला धुनीचा अंगारा लावत आणि पिस्तुलासारखं यंत्र रोखत. हिरवा दिवा लागला तर देवानं पदरात घेतलं, लाल लागला तर अंगात रोग आणि पाप दोन्ही. "यंत्र विलायती, नजर देवाची," असं ते सांगत. देवाच्या नजरेला बॅटरी कशाला लागते, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं.

माझा दिवा हिरवा लागला आणि इतर हिरव्यांसारखा माझ्याही हाती बांबू आला. लाल ठरलेली तीन घरं आम्ही आधीच गावाबाहेर हाकलली होती. तिघांनीही मोबाइलच्या टॉवरसाठी जमीन द्यायला हिंदुरावांना नकार दिला होता. ते सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कोणी नव्हतं.

चौथी बनूबाई. साठीची, एकटी, तिनंही जमिनीच्या कागदावर सही केली नव्हती. अंगारा लागताच ती चरकली.

"महाराज, यो गरम हाय."

"पाप जळतंय, बाई."

दिवा लाल झाला. पहिला बांबू तिच्या खांद्यावर बसला, दुसरा डोळ्यावर. ती पडली तरी हात थांबेनात. ही तिच्या हातची भाकर खाऊन वाढलेली पोरं. मी मारलं नाही, पण बांबू खालीही ठेवला नाही.

आरोग्य केंद्रातली नर्स सुरुची गर्दीत घुसली आणि बनूबाईवर ओणवी झाली. एक फटका तिच्या पाठीत बसला, तेव्हा पोरं थबकली. त्यांच्या लेकरांना डोस देणारी तीच होती. तिनं उठून यंत्र हिसकावलं, बनूबाईच्या कपाळावरची राख आणि रक्त ओढणीनं कोरडं पुसलं, दोन मिनिटं थांबली आणि यंत्र धरलं. हिरवा.

मग ती धुनीकडे गेली. तिथे दोन ताटं होती. एक थंड, एक निखाऱ्यांवर टेकवलेलं. त्या दुसऱ्यातली चिमूट तिनं शेजारी उभ्या हिंदुरावांच्या कपाळाला फासली. यंत्र लाल झालं.

"हे कातडीची ऊब मोजतं. ऊब ह्या महाराजांनी राखेतून लावली," ती म्हणाली.

क्षणात सगळे बांबू महाराजांवर वळले. ते धुनीपाशी अंग चोरून बसले. सुरुची त्यांच्यापुढे उभी राहिली.

"ह्यालाही हात लावायचा नाही. ह्याला आणि हिंदुरावांना पोलिसांत द्यायचं. आणि एक सांगा, बनूबाईला खरंच ताप असता, तर मारलेलं चाललं असतं?"

मी बांबू तेव्हा टाकला.

तुमच्या गावात असं यंत्र आलं, तर दिव्याचा रंग नंतर बघा. आधी विचारा, राख कुठल्या ताटातली. मी रांगेत असताना एवढं विचारलं असतं, तर बनूबाईला आज दोन्ही डोळ्यांनी दिसलं असतं.