मासोळीचा साचा

मी एक जुना साचा आहे, मित्रांनो. नासपतीच्या लाकडाचा, हातभर लांब, आणि पोटात एक लठ्ठ मासा कोरलेला. चीनमधल्या शानतुंगच्या किनाऱ्यावर, कोळ्यांच्या एका गावात, चुलीशेजारच्या खिळ्याला मी लटकलेला असतो. हल्ली माझ्याशी कुणी बोलत नाही, म्हणून मीच तुमच्याशी बोलतो आहे.

मला घडवलं ज्यांग देशुन यांनी. तेव्हा त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं आणि थंडीमुळे होड्या किनाऱ्याला लागल्या होत्या. खवले कोरताना त्यांचं बोट कापलं, पण एकही खवला वाकडा झाला नाही. बायकोच्या हाती मला देताना ते एवढंच म्हणाले, "हे घे." या माणसाचं सगळं बोलणं असंच तोकडं. युएफेनबाईंना मात्र त्यांचं न बोललेलंही कळत असे.

वर्ष सरत आलं की माझे दिवस येत. युएफेनबाई मला शेंगदाण्याचं तेल चोळत, आंबवलेली कणीक माझ्यात दाबत आणि मला पाटावर उलटं आपटत. ठक्! की गुबगुबीत मासोळी बाहेर. इकडे 'मासा' आणि 'शिल्लक' हे शब्द कानाला एकच लागतात. तेव्हा नव्या वर्षात सगळं पुरून उरावं म्हणून पूर्वजांपुढे या वाफवलेल्या मासोळ्या रचायच्या. त्यांची लेक लीरोंग डोळ्यांच्या जागी घेवड्याचे काळे दाणे टोचायची. शेजारणी मला मागून न्यायच्या. मी जरा चढूनही गेलो होतो, खोटं कशाला बोलू!

मग युएफेनबाई गेल्या. लीरोंग लग्न होऊन शहरात राहत होती. देशुन दुकानातून पिशवीतले तयार पाव आणू लागले. मी खिळ्यावर वाळत गेलो, शेपटीजवळ मला चीर पडली. ऐन सणात बाहेर फटाके वाजत आणि घरात देशुन टीव्हीचा आवाज मोठा करून एकटेच जेवत. मित्रांनो, ते बघून मला फार वाईट वाटायचं.

यंदा लीरोंग वर्षाखेरीच्या आदल्या दिवशीच आली. तिचा घटस्फोट झाला होता आणि शहरातल्या भाड्याच्या खोलीत ती एकटी राहत होती. पण आमच्याकडच्या रीतीप्रमाणे लग्न करून दिलेल्या मुलीने वर्षाखेरीची संध्याकाळ माहेरी काढायची नसते. पूर्वजांच्या नावांचा कापडी पट भिंतीवर टांगला की ते घरात आले असं धरतात. त्या वेळी परघरी दिलेली लेक समोर नको.

तिने आल्या आल्या मला खाली काढलं. बापलेक कणीक घेऊन बसले. देशुननी तेल न लावताच कणीक ठासली आणि मासोळीचं शेपूट माझ्यातच अडकलं.

"बाबा, जाळं ओढताय का? हळू जरा!"

"मग तूच कर, शहाणे."

वाफ निघाली, झाकण उचललं, तर मासोळ्यांच्या पाठी उकललेल्या. "फुटल्या की सगळ्या!" देशुन ओरडले.

शेजारून आलेल्या त्यांच्या थोरल्या वहिनींनी कपाळावर हात मारला. "भावजी, सणासुदीला 'फुटल्या' काय म्हणता? 'हसल्या' म्हणावं!"

"हसायला काय झालं त्यांना?"

लीरोंगला एवढं हसू आलं की ती डोळे पुसत बसली. जाता जाता वहिनींनी आवाज खाली आणला. "उद्या पोरगी शेवटच्या बसने जाईल ना, भावजी?" देशुन चुलीतली लाकडं सारू लागले. लीरोंगचं हसू तिथेच विरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरोघर पट टांगले गेले. देशुननी आमच्या पटाची गुंडाळी पेटीतून काढली, बघितली, परत आत ठेवली. मग त्यांनी अंगण झाडलं. झाडलेलं अंगण पुन्हा झाडायला घेतलं.

"अहो भावजी, अजून पट नाही टांगला? पूर्वज दारात ताटकळलेत!" वहिनी कुंपणावरून ओरडल्या.

"ताटकळू देत." मग माझ्या खिळ्याजवळच्या खिडकीखाली येऊन ते पुटपुटले, "टांगला की पोरीला उठून जावं लागेल."

तेव्हा लीरोंग मागच्या खोलीत पिशवी भरत होती आणि फोनवर मैत्रिणीला सांगत होती, "बाबा माझ्यामुळे खोळंबलेत गं. तोंडाने जा म्हणत नाहीत, पण मी निघाल्याशिवाय त्यांना पट टांगता येईना."

मित्रांनो, मी दोघांचंही ऐकलं. माझा जीव नुसता तळमळला. पण मी आधीही लाकूड होतो आणि पुढेही लाकूडच राहणार, काय करणार!

"निघते, बाबा."

देशुन झाडू धरून उभे राहिले. त्यांचे ओठ हलले, पण शब्द भलतेच बाहेर आले. "मासोळ्या घेतल्यास?"

"घेतल्या."

"कानटोपी घाल. वारा आहे."

ती वळणापलीकडे दिसेनाशी झाली, बसचा भोंगा वाजला, तरी ते तिथेच होते. ओट्यावर सुरमईचं सारण भरलेले डंपलिंग दोघांपुरते करून ठेवलेले होते. शेवटी त्यांनी आत येऊन पट उलगडला आणि अगदी खालच्या ओळीतल्या नावावर बोट ठेवलं. "युएफेन," ते म्हणाले, "मी तिला थांब म्हणणार होतो."

मित्रांनो, घरातल्या लाकडी वस्तूंना वर्षातून एकदा तरी तेल लावा, आमच्यावर उपकार होतील. पण त्याहून मोठी विनंती दुसरी आहे. आपलं माणूस राहावं असं वाटत असेल, तर त्याला ते आपोआप कळेल म्हणून अंगण झाडत बसू नका. 'थांब' म्हणा. बस सुटायच्या आधी म्हणा.