माटोळीचे आकडे

गोवा राज्य झालं त्याच उन्हाळ्यात पार्सेच्या गुरुदासने पुढच्या खोलीची कौलं उतरवून वर सिमेंटचा स्लॅब घातला. गवंड्याने विचारलं, "पंख्याचो आकडो खंय?" गुरुदासने ऐटीत खोलीच्या मध्यावर बोट दाखवलं. माटोळीच्या आकड्यांची आठवण मात्र घरात कुणालाच झाली नाही. ती झाली थेट चवथीच्या आदल्या दिवशी, गणपतीचा पाट मांडल्यावर. गणपतीच्या डोक्यावर रानफळांनी लगडलेली लाकडी चौकट, म्हणजे माटोळी, टांगली नाही, तर आपल्याकडे देव उघड्यावर बसवल्यासारखाच की!

"दोन आकडे तर ठोकूचे," तो बायकोला म्हणाला. "आत्ता जातला."

"तहान लागली काय विहीर," चंद्रावती म्हणाली आणि शिडी धरून उभी राहिली.

दुपार कलली तरी काम हलेना. छिन्नी जरा आत गेली की सळीवर आपटून टणकन परत यायची. जागा बदलली तर सिमेंटची खपलीच निखळून तोंडावर आली. शेवटी एका भोकात लाकडी गुल्ली मारून त्याने आकडा बसवला आणि हौसेने त्याला नारळ टांगला. आकडा, गुल्ली, नारळ, तिन्ही खाली! पंख्याच्या आकड्याला चौकट लटकवून पाहिली, तर ती गरगर फिरायला लागली, आणि गणपतीचा पाट राहिला लांब भिंतीशी.

गुरुदासच्या जिवाला खरा घोर होता तो दादाचा. त्याचा थोरला भाऊ रघुनाथ सुर्ल्याला खनिजाच्या ट्रकांवर कामाला होता. वहिनी गेल्यापासून तिथेच एकटा खोली घेऊन राहायचा. वर्षभर फारसा दिसायचा नाही, पण चवथीच्या आदल्या दिवशी तिकडच्या रानातली फळं पोत्यात भरून यायचाच. माटोळी बांधायची ती त्यानेच. लहानपणी गुरुदास खालून एकेक फळ वर द्यायचा, माट्टी, कांगलां, आंबाडे, आणि हिरव्या पानाफळांतून दादाचं हसरं तोंड दिसायचं. गुरुदासची चवथ तेव्हाच सुरू व्हायची. आरत्या, नेवऱ्या सगळं नंतर.

छप्पर उतरवलं त्या दिवशी दादा आला होता. काही बोलला नाही. माटोळीच्या आकड्यांची जुनी तुळई तेवढी मागून घेतली आणि ओळखीच्या ट्रकातून सुर्ल्याला नेली. नेली असेल सरपणाला, असं गुरुदासला वाटलं. त्यानंतर दादा फिरकला नव्हता. आता माटोळीच नसेल तर त्याने ह्या घरी यावं तरी कशाला?

दिवेलागणीला दारात ट्रक थांबला. आधी पोतं उतरलं, मग दादा, आणि मग त्याने नि ड्रायव्हरने मिळून खाली घेतली ती तुळई! तेल लावून पुसलेली, दोन्ही आकडे जागच्या जागी.

गुरुदास केसांत सिमेंटचा चुरा घेऊन शिडीवरून उतरला. "दादा, मी आकडे विसारलंय."

"माका ठावक आसा. स्लॅबाची तयारी चलली तेव्हाच माका दिसला."

"मगे सांगलंस कित्या नाय?"

"तुझा घर," दादा म्हणाला. "मी कसा सांगूचा?"

गुरुदासला एकदम भरून आलं. पंख्यासाठी गवंड्याशी चर्चा झाली, रंगासाठी शेजाऱ्याशी झाली. दादाला मात्र त्याने एका शब्दाने विचारलं नव्हतं.

दादाने त्याला फार वेळ तसं उभं राहू दिलं नाही. पडवीत ठेवलेले अंगणातल्या मांडवाचे दोन खांब, म्हणजे मेढी, आत आणवल्या, पाटाच्या दोन्ही बाजूंना घट्ट उभ्या केल्या आणि त्यांच्या बेचक्यांत तुळई चढवली. नव्या स्लॅबखाली घरातल्या घरात मांडव झाला. चंद्रावती पदर तोंडाला लावून हसली. मग दादा शिडीवर चढला, आणि पन्नाशीचा गुरुदास खालून एकेक फळ वर देऊ लागला.

"चवथ झाली काय तुळई हयच ठेय," तो म्हणाला. "परत कित्या नेतंस?"

दादाने फळ बांधायच्या केवणीच्या सालीची गाठ आवळली. "नाय रे. ती माझ्याकडेच रवांदे. ती घेवन तरी माका दर वर्सा येवचा पडतला."

गुरुदासने पोत्यात हात घातला आणि पुढचं फळ वर दिलं.