फीत कापताना

"डोळे मिट," भिंगरी म्हणाली.

मी मिटले.

"आता काय दिसतंय?"

"पापण्या. आतून."

"वहिनी, तू ना मुद्दाम करतेस!"

मी मुद्दाम काहीच करत नव्हते. भिंगरी ही माझी नणंद. लहानपणापासून एका जागी कधी टिकली नाही म्हणून घरात तिचं हेच नाव पडलं. ती आमच्या वरच्या मजल्यावर राहते. नुकताच तिने सकारात्मक चित्र डोळ्यांसमोर आणून अडचणींवर मात कशी करावी याचा अभ्यासक्रम पूर्ण केला होता. प्रमाणपत्राला चौकटही करून झाली होती. आता तिला फक्त एक अडचणीतला माणूस हवा होता आणि तो खालच्या मजल्यावर आयताच बसला होता.

माझी अडचण अशी होती. मी रोगनिदानाच्या प्रयोगशाळेत काम करते. रुग्णाच्या शरीरातून काढलेला बारीकसा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून आमच्याकडे येतो. तो ठोकळा यंत्रावर लावायचा आणि उजव्या हाताने चाक फिरवायचं. चाकाबरोबर ठोकळा पात्यावरून खाली उतरतो आणि दर फेऱ्याला केसाहून कितीतरी पातळ असा एक पापुद्रा निघतो. पापुद्र्याला पापुद्रा चिकटत जाऊन त्यांची फीत होते. ती डाव्या हातातल्या कुंचल्याने उचलून कोमट पाण्यावर सोडायची आणि तिथून काचेवर घ्यायची. ती काच बघून डॉक्टर सांगतात, गाठ साधी आहे की वाईट. फीत फाटली तर दुसरी कापता येते, पण कधीकधी तुकड्यात दुसऱ्या फितीपुरतं काही उरलेलंच नसतं.

काही महिन्यांपूर्वी ठोकळा बदलताना माझ्याकडून चाक अडवून धरणारा खटका लावायचा राहून गेला. चाक जड असतं. ते आपल्याच वजनाने फिरलं, ठोकळ्याची पकड खाली आली आणि माझ्या डाव्या हाताचं बोट पात्याला भिडलं. टाके पडले, जखम सुकली, बोट बरं झालं. पण तेव्हापासून ठोकळा खाली येऊ लागला की उजवा हात आपोआप चाक आवळून धरतो. अगदी क्षणभर. पापुद्रा फाटायला तेवढं पुरतं.

हाताच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोष बोटात नाही, मनात आहे. हे घरात कळल्यापासून जो तो माझ्या मनात शिरू लागला.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम मनात वगैरे शिरत नाहीत. त्या म्हणाल्या, "तुमच्या जागी उसना आणलेला माणूस महिनाअखेरीला परत जाणार. त्याच्या आधी माझ्यासमोर कापून दाखवा. जुने ठोकळे देते. जमलं तर जागा तुमची. नाही जमलं तर नोंदणीची खिडकी रिकामी आहे, बाई."

नोंदणीची खिडकी म्हणजे काचेच्या भोकातून दिवसभर मोठ्याने विचारायचं: नाव, वय, काय होतंय. मी कामाला लागले तेव्हा ते चाकाचं टेबल मागून घेतलं होतं, कारण तिथे कुणी बोलत नाही आणि बोलायलाही लावत नाही. ते गेलं असतं तर मी काय केलं असतं, मला माहीत नव्हतं.

"परत मिट," भिंगरी म्हणाली. रोज संध्याकाळी ती अशी चहाच्या वेळेला उतरायची, चहा प्यायची आणि मला कोचावर ताठ बसवायची. "मोठा हॉल आहे. समोर माणसंच माणसं. तू पुढे येतेस. फीत समोर आहे. तू अजिबात घाबरलेली नाहीस. तू हसतेयस. हसतेयस का?"

"प्रयोगशाळेत इतकी माणसं मावणार नाहीत."

"चित्रात मावतात. आता हात पुढे कर. हातात कात्री घे."

मी डोळे उघडले. "कात्री?"

"मग फीत कशाने कापणार? दातांनी?"

पेपरामागे नवऱ्याला ठसका लागला. मी शांतपणे विचारलं, "भिंगरी, माझी परीक्षा कशाची आहे असं तुला वाटतंय?"

"फीत कापायची. तूच तर सांगितलंस! नवीन यंत्राचं उद्घाटन असेल, मॅडम तुला मान देतायत, तुझा हात थरथरतो, म्हणून..." तिचा आवाज खाली आला. "नाहीये का तसं?"

म्हणजे गेले कित्येक दिवस मी डोळे मिटून एका उद्घाटनाला हजर राहत होते. नवरा म्हणाला, "टाळ्या तरी वाजल्या ना?" आणि मी त्याला आत जायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी भिंगरी पुन्हा हजर. आता तिने सगळं समजून घेतलं होतं, यंत्र, ठोकळा, पातं. "चल, आता खरं चित्र. ते यंत्र डोळ्यांसमोर आण. रंग कोणता?"

"करडा."

"दिसतोय?"

"माहीत आहे."

"माहीत आहे नको. दिसतोय का?"

"भिंगरी, मिटलेल्या डोळ्यांना रंग कसा दिसेल? अंधार असतो. डोळ्यांसमोर आण, डोळ्यांसमोर उभं राहिलं, या बोलायच्या पद्धती आहेत. पोटात कावळे ओरडतात म्हणून पोटात कावळे असतात का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. भिंगरी गप्प बसली की घरातलं घड्याळ ऐकू येतं.

"वहिनी," ती म्हणाली, "कावळे नसतात. पण हे असतं."

मी नवऱ्याला बाहेर बोलावलं. अशा बाबतीत एका साक्षीदारावर विसंबू नये. त्याला म्हटलं, "डोळे मिट. जिन्यात एक बादली ठेवली आहे. ठेवली?"

"ठेवली."

"रंग कोणता?"

"निळी. कडीचं प्लास्टिक तुटलंय."

मी रंग सांगितला नव्हता. कडीचं तर नावही काढलं नव्हतं. माझ्याही जिन्यात बादली होती, म्हणजे बादली आहे हे मला ठाऊक होतं, पण तिला रंग नव्हता. आकारही नव्हता. 'बादली' एवढंच होतं.

"तुला हे असं नेहमी दिसतं?" मी विचारलं.

"सगळ्यांनाच दिसतं," तो म्हणाला, आणि मग जरा सावध होऊन, "नाही का?"

मला त्या दोघांचा राग आला. खरं तर भाषेचाच राग आला. शाळेत बाई म्हणायच्या, प्रसंग डोळ्यांसमोर आणा आणि निबंध लिहा. मी बापडी शब्द जमवून निबंध लिहायचे आणि बाकीची सगळी पोरं तिकडे आत बसून सिनेमा बघत होती! आणि इतक्या वर्षांत कुणी मला सांगू नये?

"म्हणजे," भिंगरी हळूच म्हणाली, "मी वर गेले की मी तुला दिसत नाही?"

"नाही."

"माझा चेहरासुद्धा?"

"भेटलीस की ओळखते ना."

"दादाचा?"

"त्याचाही नाही."

नवऱ्याने उगाच केसांवरून हात फिरवला. भिंगरी उठली, चहा अर्धा टाकून वर गेली. तिच्या अभ्यासक्रमात हे नव्हतं.

पुढचे दोन दिवस ती आली नाही. मला बरं वाटायला हवं होतं. प्रयोगशाळेत मी सरावाला बसले की हात नेमका तिथेच आवळायचा. उसने आलेले गृहस्थ शेजारच्या यंत्रावर लांबच लांब फिती काढत गुणगुणायचे. फार सज्जन माणूस. त्याचाही मला राग यायचा.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी ती उतरली. मी दार उघडूनच ठेवलं होतं.

"तुला कसं कळलं मी येतेय?"

"तुझी डावी चप्पल घासते. आणि शेवटच्या वळणावर तू दोन पायऱ्या एकदम उतरतेस."

ती दारातच थांबली. "म्हणजे मी ऐकू येते."

"वरच्या मजल्यावरून निघाल्यापासून."

हे तिला चेहऱ्यापेक्षा बरं वाटलं असावं, कारण तिला चेव चढला. "मग बघायचं काम माझं. तू ऐक. हाताला काय लागतं, कानाला काय येतं, ते क्रमाने सांगत जा. मी बघते, काही राहिलं तर सांगते. डोळे उघडे ठेवलेस तरी चालेल, तसाही तुला काही फरक पडत नाही."

टोमणा सोडून दिला. मी सांगायला लागले. चाकाची मूठ गार असते. फिरवलं की आत दाते एकमेकांना लागतात, ते तळव्याला कळतं. पापुद्रा सुटताना बारीक 'सर्र' होतं. पातं बोथट झालं असेल तर तो आवाज जाड येतो. फीत पाण्यावर सोडली की सुरकुती ताणली जाते. मग पुढचा ठोकळा. जुना काढायचा, नवा बसवायचा, मळसूत्र आवळायचं...

"थांब, थांब!" भिंगरीने डोळे गच्च मिटले होते. "तू ठोकळा काढतेयस आणि चाक मोकळंच आहे. ते फिरतंय, वहिनी! हात काढ!"

"नाही गं, खटका लावते मी. आता कधीच विसरत नाही."

"पण सांगितला नाहीस."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. पुन्हा खटका राहिला. ती पुन्हा ओरडली. प्रत्यक्षात मी खटका रोज लावत होते, पण हाताने लावत होते, कान तिकडे नव्हताच. माझ्या आत जे यंत्र होतं, त्यावर अजून अपघाताचा दिवसच चालू होता. तिथे चाक कायम मोकळं होतं, केव्हाही फिरणारं. मग हाताने ते आवळून धरलं तर त्याचं काय चुकलं?

"खटक्याला आवाज आहे का?" भिंगरीने विचारलं.

"आहे. खट्. जाडसर. आणि मनगटाला हिसका बसतो."

"मग म्हण."

"खट्," मी म्हणाले.

"लावला. दिसला मला. आता काढ ठोकळा, काय करायचं ते कर."

मी केलं. पुन्हा खट्, खटका सुटला. आता चाक फिरणार होतं ते मी सोडलं म्हणून. आम्ही दोघी कोचावर बसून खट् सर्र सर्र खट् करत राहिलो. नवरा बाहेरून आला, दारात उभा राहून ऐकलं आणि चहा ठेवायला गेला.

सकाळी मॅडम हात बांधून शेजारी उभ्या राहिल्या. मी ठोकळा बसवला, आणि चाक धरून जरा थांबले.

"झोप आली का?"

"नाही. ऐकतेय."

त्यांनी भुवई उचलली. मी खटका सोडला. पहिली फीत तुटली, कारण मी श्वास सोडला आणि ती उडाली. यात भीतीचा काही संबंध नव्हता. खटका लावला, ठोकळा पुन्हा नीट आवळला, खटका सोडला. चाक फिरायला लागलं. हाताने आवळायचा विचार केला, मला तो विचार करताना कळला, आणि मग त्याने तो सोडून दिला. सर्र. सर्र. फीत कुंचल्यावर येऊन वळत गेली.

मॅडमनी काच सूक्ष्मदर्शकाखाली घातली. बराच वेळ बघितली.

"एक पापुद्रा जाड आहे."

"हो. तिसरा."

"बाकीचे ठीक." त्या उठल्या. "उद्यापासून टेबलावर बसा. त्या गृहस्थांना सांगते."

घरी पोचले तर भिंगरी जिन्यातच. "टाळ्या पडल्या?"

"नाही."

"मॅडम हसल्या?"

"त्या हसत नाहीत."

"जागा?"

"मिळाली."

तिने मला घट्ट मिठी मारली, पिशवीसकट. आणि दुसऱ्याच क्षणी शेजारच्या काकूंचं दार वाजवून सांगितलं, "काकू, वहिनीने डोळ्यांसमोर चित्र आणलं आणि जिंकली! मी शिकवलं!"

"मला काहीही दिसलं नाही," मी म्हणाले.

"किती नम्र आहे बघा!" काकू म्हणाल्या. आणि मग, दाराला कडी लावता लावता, "माझ्या गुडघ्यासाठी येशील का गं उद्या?"

"येते की!" भिंगरी म्हणाली. "वहिनीला पण आणते. ती ऐकेल, मी बघेन."

मी काही बोलायच्या आत ती दोन पायऱ्या एकदम चढून वर गेली होती. डावी चप्पल घासत.