ताईच्या खिडकीचं शटर

ताईच्या खिडकीचं शटर वर गेल्याशिवाय समोरच्या घरातला तिचा धाकटा भाऊ दाढीला बसत नसे. दोघंही एकेकटे, मध्ये एक अरुंद रस्ता. शटर उघडलं म्हणजे ताई उठली, धडधाकट आहे.

शटर वर घ्यायचा पट्टा ओढून ओढून तिचा खांदा कामातून गेला, तेव्हा परगावच्या तिच्या मुलाने शटरला मोटर बसवली आणि ती आपल्या फोनला जोडली.

"वेळ लावून ठेवतो, आपोआप उघडेल," भाचा म्हणाला.

"आपोआप नको," भावाने हट्ट धरला. "भिंतीवर बटण दे. तीच दाबेल."

"मी मेले तर तुला कळायला हवं, म्हणून ना रे?" ताई हसली.

"तुझी कटकट कधी थांबली ते कळायला नको?"

बटण बसलं. शटर घरघरत वर जाई. रविवारी उशिरा आणि अर्धंच, कारण त्या दिवशी ती वाचत लोळायची.

पुढे मुलाने तिला राहायला बोलावलं. घर रिकामं दिसू नये म्हणून त्याने फोनवरून एक सोय चालू केली: आजवर शटर जसं उघडलं-मिटलं, तसंच ते यंत्र स्वतःहून करत राहणार. मामाला हे सांगावं असं त्याच्या मनातही आलं नाही. आणि ऐन निघायच्या दिवशी, शुक्रवारी, ताईने पाय मागे घेतला.

"पोरगा एवढा जीव टाकतोय आणि तुझे नखरे संपत नाहीत!" भाऊ भडकला.

"मग तूच जा. बॅग भरलेलीच आहे." तिने धाडकन दार लावलं.

दुसऱ्या दिवशी त्याने फोन केला. तिने उचलला नाही. रुसली की ती उचलत नसेच. शटर मात्र वर गेलं. 'फुगून बसलीय,' असं म्हणत तो दाढीला बसला. आपण होऊन तिच्या दारात जाणं त्याच्या जिवावर आलं. रविवारी शटर उशिरा, अर्धंच उघडलं. त्याला बरं वाटलं. राग निवळला असणार, वाचत पडली असेल. त्याने खिडकीतून हातही हलवला.

सोमवारी भाच्याचा फोन आला. "मामा, आई फोन उचलत नाही रे."

"माझाही नाही. ठणठणीत आहे. आत्ताच शटर उघडलं तिनं."

भाचा चाचरत म्हणाला, "मामा, ते तिनं नाही उघडलं. ती येणार म्हणून मी... बंद करायचं राहिलं. ते आपलं आपणच उघडतंय."

तिच्या घराची किल्ली हातात घेऊन तो अनवाणीच धावला.

ताई खिडकीखाली जमिनीवर होती. अर्धं अंग गेलेलं, तोंड वाकडं. बटण तिच्या हातापासून फार लांब नव्हतं.

पडल्याबरोबर गेल्या नाहीत, डॉक्टर म्हणाले. शनिवारी, कदाचित रविवारीही जिवंत होत्या.

म्हणजे शटर बंद राहील आणि भाऊ धावत येईल, एवढ्याच आशेवर ती पडून होती. ते घरघरत वर जाताना तिने ऐकलं असणार. आता तो यायचा नाही, हेही तिला तेव्हाच कळलं असणार.