कंबरपट्टीचा अधिकृत इतिहास

आमच्या अंतर्वस्त्रांच्या कारखान्याला पन्नास वर्षे पूर्ण झाली, तेव्हा माझ्या पुतण्याने, म्हणजे सध्याच्या मालकाने, कंपनीचा इतिहास नव्याने रचण्यासाठी एक जाहिरातकार नेमला. जुना इतिहास खरा होता. त्यामुळे तो चालण्यासारखा नव्हता.

नव्या इतिहासानुसार, माझ्या दिवंगत थोरल्या बंधूंनी एका पहाटे टेकडीवर उभे राहून ठरवले की, कंपनीचे नाव चड्डीच्या आत न लपवता बाहेर, कंबरपट्टीवर झळकवायचे. चित्रीकरणासाठी टेकडी भाड्याने घेतली होती. वहिनींनी खुर्चीत बसून एवढेच म्हणायचे होते : "त्यांना फार पुढचं दिसायचं."

कॅमेरा सुरू झाला.

"त्यांना चष्म्याशिवाय दारही दिसत नसे," वहिनी म्हणाल्या. "लेबल आतून टोचायचं. बँकेच्या साहेबांसमोर बसले की यांचा हात मागे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एका दुपारी मी ते उसवलं आणि बाहेरून शिवलं. लोकांना वाटलं, फॅशन आहे."

"आई, हे नको गं," पुतण्या म्हणाला. "लोकांना स्वप्न हवं असतं."

"स्वप्न पडायला आधी झोप लागावी लागते. खाजेपायी ती कुठली? पट्टी माझी आहे. माझ्या नावावर लिही, नाहीतर मी उठते."

"काका, तुम्ही तरी समजवा."

तंत्रनिकेतनात मला मोजमाप शिकवले होते, मध्यस्थी नव्हे. तरीही मी म्हणालो, "तो नमुना मीच यंत्रावर चढवला. वहिनी सांगतात ते तंतोतंत खरे आहे."

"भाऊजी, एकदाचे वेळेवर बोललात," वहिनी म्हणाल्या.

जाहिरातकार मात्र खुर्चीत पुढे सरकला होता. "खाज," तो भारावून पुटपुटला. "टेकडीपेक्षा खाज जास्त विकली जाईल."

महिनाभरात इतिहास बदलला. शोध वहिनींचाच, हे कंपनीने जाहीरपणे मान्य केले; चौकाचौकांत, दोन मजली फलकांवर. फलकावर केवळ आमच्या मालानिशी उभा असलेला एक पिळदार तरुण, त्याच्या खांद्यामागे वहिनींचा हसरा चेहरा आणि खाली ओळ : 'आईला सगळं कळतं.'

"उतरव ते," वहिनींनी मुलाला बजावले.

"आई, तुझ्याच नावावर लिहिलंय. खपही वाढलाय."

तेव्हापासून वहिनी भाजीला मागच्या गल्लीने जातात. काल तिथल्या भाजीवाल्याने त्यांना ओळखले. इकडे तिकडे पाहत, आवाज खाली आणून तो म्हणाला, "आई, तुमची पट्टी फार आवळते हो."

वहिनींनी पिशवी खाली ठेवली, त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि विचारले, "कितवं माप घेतलंस?"