केनेथचं पहिलं मत

एझ्रा मिजली यॉर्कशरच्या एका लोकरीच्या गिरणीत मुकादम होता आणि जन्मभर त्यानं मालकांच्याच पक्षाला मत दिलं होतं. विणकर त्याला मालकांचा चमचा म्हणायचे. म्हणेनात का, तो कुणाच्या बापाला भीत नव्हता. पण पोटचा पोरगा केनेथच नेमका मजूर पक्षाचा निघाला, हे मात्र त्याला फार लागलं होतं.

केनेथ ब्रह्मदेशात लढत होता. इकडे जर्मनी पडली, महायुद्धामुळे रखडलेली निवडणूक दहा वर्षांनी लागली. ब्रह्मदेशाइतक्या लांबच्या शिपायांच्या वतीनं घरच्या कुणीतरी मत द्यायचं होतं. केनेथनं आईला सोडून बापाचं नाव दिलं. मी कुणाचा ते तुम्हाला ठाऊक आहे, माझं पहिलंच मत आहे, तेवढं सांभाळून टाका, असं कळवलं. एडिथ नवऱ्याला म्हणाली, पोराचा केवढा विश्वास आहे बघ तुझ्यावर. एझ्रा नुसता गुरगुरला.

मतदानाच्या दिवशी शाळेत त्याला दोन कागद मिळाले. आपल्या कागदावर त्यानं फुली मारली. दुसरा समोर घेतला आणि त्याचं डोकंच फिरलं. काय कळतं या पोराला? छावणीतल्या चार टवाळांनी कान भरले, झालं! पेन्सिल पुन्हा त्याच नावापुढे टेकली. फाटकापर्यंत येतो तोच त्याला स्वतःची लाज वाटू लागली. पण पेटीत पडलेला कागद थोडाच परत निघतो.

युरोपातल्या शिपायांची मतं टपालानं यायची होती, म्हणून मोजणी तीन आठवड्यांनी झाली. तोवर एझ्राला अन्न गोड लागेना. एडिथला सांगावंसं वाटे, धीर होत नसे. शेवटी निकाल आला. मजूर पक्षानं देशभर मालकांच्या पक्षाचा धुव्वा उडवला होता, त्यांच्या गावातसुद्धा. आपला पक्ष हरल्याचं एझ्राला जन्मात पहिल्यांदा बरं वाटलं.

हिवाळ्यात केनेथ घरी आला, हिवतापानं पार चिपाड होऊन. एडिथनं रेशनचं मटण त्याच्यासाठी राखून ठेवलं होतं. जेवता जेवता तो म्हणाला, "बाबा, पलटणीत मी सगळ्यांना सांगायचो. आमचा म्हातारा कट्टर तिकडचा, पण माझ्या मतासाठी मन मारलं त्यानं. असा बाप दुसऱ्या कुणाला नव्हता."

एझ्रानं काटा खाली ठेवला. आता तरी सांगून टाक, त्यानं स्वतःला बजावलं. तोंड उघडलंही. पण पोरगा इतक्या मायेनं बघत होता, की त्यानं मटणाचं भांडंच त्याच्यापुढे सरकवलं.

"फुली नीट मारली होतीत ना?" केनेथनं चिडवलं. "खाडाखोड नाही ना केली?"

"नाही," एझ्रा म्हणाला. "फुली अगदी स्वच्छ होती."

तेवढंच खरं होतं.